आबांचे डोळे

ही हकीकत सांगायची मी पंचवीसहून अधिक वर्षं टाळली. माझ्या वडिलांचं नेत्रदान ठरलेलं होतं, ते झालं नाही. का झालं नाही, याची दोन उत्तरं मी वेगवेगळ्या माणसांना दिली. दोन्ही खोटी होती. एकात मी टेलिफोन खात्यावर ठपका ठेवला, दुसऱ्यात आईवर. टेलिफोन खात्याला त्याचं काही वाटलं नसेल. आई मात्र गेली तेव्हाही निम्मं गाव तिला या एका बाबतीत अडाणी समजत होतं, आणि तो समज माझ्या तोंडून पसरलेला होता. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. आणखी थांबलो तर ती दोन उत्तरंच खरी म्हणून मागे राहतील.

सुरुवात बाईंपासून करतो. मी तिसगावच्या हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवायचो. ब्याण्णव साली तिथे इंग्रजीसाठी एक तरुण बाई आल्या. नगरच्या ख्रिस्ती घरातल्या. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते, ते वारले होते. आई नगरलाच राहायची. आमच्या शेजारची एक खोली त्यांनी भाड्याने घेतली आणि महिन्याभरात संध्याकाळचा चहा आमच्याकडे घ्यायला लागल्या. कारण माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो, बाईही आबाच म्हणू लागल्या.

आबांचं आयुष्य नगरच्या लष्करी डेपोत ओझी उचलण्यात गेलं. छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर ते प्रौढांच्या वर्गात बसले आणि तिशीत वाचायला शिकले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमची दोघांची बाराखडी एकदमच पक्की झाली असं ते सांगायचे. घरातले देव टोपलीत भरून विहिरीवर नेले ते आईने, आणि टोपली रिकामी करून परत आणली तीही आईने. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे याच बाईमाणसाला मी देवभोळी ठरवलं.

आबा ओळीखाली बोट धरून वाचत, त्यामुळे पेपर संपायला त्यांना दिवस पुरायचा नाही. बाई संध्याकाळी येऊन त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवायच्या. वर्ष-दीड वर्ष असं चाललं. मग हळूहळू बाई अडखळायला लागल्या. पेपर नाकाजवळ धरायच्या, एक डोळा मिटायच्या, तिरपा करून बघायच्या. एके दिवशी आबांनी पेपर त्यांच्या हातून काढून घेतला आणि म्हणाले, "दे हिकडं. आता मी वाचतो, तू ऐक. चुकलं तर मास्तरासारखं वराडू नको." तेव्हापासून बोट धरून आबा वाचायचे आणि बाई ऐकायच्या. मला ती गंमत वाटायची.

गंमत नव्हती. बाईंनी नगरच्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढला होता. सहा महिन्यांत तो बदलला. पुन्हा काढला, पुन्हा बदलला. चौथ्या वेळी दुकानदार म्हणाला, तुम्ही अक्षरं नीट सांगत नाही, अंदाजे ठोकता, म्हणून चष्मा चुकतो. चष्मा मात्र त्याने विकलाच. तालुक्याच्या एका डॉक्टरने खाजेवर थेंब दिले. बाईंच्या डोळ्यांना उन्हाळ्यात भयंकर खाज सुटायची आणि तिसगावात उन्हाळा म्हणजे आठ महिने धूळ. मनगटाच्या हाडाने त्या डोळे असे चोळायच्या की बघणाऱ्याला कसंतरी व्हायचं. तिसऱ्या डॉक्टरने डोळ्यांत टॉर्च मारली, सगळं ठीक आहे म्हणाला आणि लग्न करून टाका, डोकं शांत होईल, असा सल्ला दिला. हे बाईंनी मला नाही, माझ्या पत्नीला सांगितलं. सांगताना त्या रडल्या नाहीत, हसल्या.

शाळेत वेगळेच हाल. एक डोळा मिटून फळ्याकडे बघायच्या म्हणून नववीतली पोरं म्हणू लागली, बाई डोळा मारतात. हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं, यांना खरंच दिसत नाही की काम टाळायचं आहे? मी म्हणालो, बघतो. खरं तर मलाही शंका होती. मधल्या सुट्टीत मी बाईंना विचारलं की तुम्हाला नेमकं कसं दिसतं. त्यांनी क्षणभर विचार केला. मग म्हणाल्या, "सर, चंद्र मला एक दिसत नाही. द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. सातआठ चंद्र एकमेकांना चिकटलेले. चष्म्याने ते ठळक होतात, एक होत नाहीत." एवढं नेमकं कोणी खोटं बोलत नाही, हे मला तेव्हा पटलं.

डॉक्टर शोधून काढला तो आबांनी. नगरला डेपोतल्या जुन्या सोबत्यांना भेटायला गेले की ते चौकशी करत हिंडायचे. भिंगारला एक लष्करातून निवृत्त झालेले डोळ्यांचे डॉक्टर सकाळी दोनच तास बसतात, पाटी नाही, औषध कमी आणि बोलणं जास्त, अशी बातमी त्यांनी आणली. एकट्या बाईंबरोबर मी जाणं गावाला दिसायला बरं नव्हतं, म्हणून आबाही निघाले. आम्ही तिघं सकाळच्या एसटीने करंजीचा घाट उतरून नगरला आणि तिथून भिंगारला गेलो. पंच्याण्णव सालची ही गोष्ट.

डॉक्टरांनी आधी चारही चष्मे टेबलावर मांडायला सांगितले. चारही उचलून एकामागून एक बघितले आणि म्हणाले, "हे चष्मेच आजाराचं नाव सांगताहेत. कुणी ओळीने लावून बघितले नाहीत." मग बाईंना बुटक्या स्टुलावर बसवलं, स्वतः पाठीमागे उभे राहिले, दोन्ही वरच्या पापण्या अलगद वर धरल्या आणि म्हणाले, खाली बघा. वरून त्यांनी बघितलं आणि मला खुणेने बोलावलं. बाईंची खालची पापणी गोल राहिली नव्हती. तिला मधोमध टोक आलं होतं, आतून कुणी बोट लावल्यासारखं.

त्यांनी आम्हा तिघांना समजेल असं सांगितलं. बुबुळावर जी पारदर्शक काच असते ती घड्याळाच्या काचेसारखी गोल असते. बाईंची ती काच मधे पातळ होत चालली होती, आणि पातळ झालेला भाग आतल्या दाबाने सुळक्यासारखा पुढे आला होता. केरॅटोकोनस, असं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं. काचच वेडीवाकडी झाल्यावर चष्मा पुढे कितीही बदलला तरी उपयोग नाही. हा आजार तरुणपणी सुरू होतो, काही वर्षं वाढतो, मग बहुतेकांचा थांबतो. पूर्ण आंधळं करत नाही, पण जगू देत नाही. डोळे चोळणं आजपासून बंद. बाई म्हणाल्या, एवढी खाज येते, मग करू काय? डॉक्टर म्हणाले, "गार पाण्याची घडी ठेवा. हात बांधून घ्या. पण चोळू नका. हा डोळा तुम्ही स्वतःच्या हाताने झिजवताय."

परतीच्या एसटीत घाट चढेपर्यंत बाई तो नावाचा कागद घडी घालत आणि उलगडत होत्या. मग म्हणाल्या, मी खोटं बोलत नव्हते हे दोन वर्षांनी कळलं. त्यांना आजाराचं दुःख कमी आणि ज्यांनी ज्यांनी त्यांना खोटं ठरवलं त्यांचं जास्त होतं. त्या यादीत काही काळ मीही होतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

भिंगारच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या एका तज्ज्ञांना चिठ्ठी दिली होती. तिथेही आम्ही तिघंच गेलो. तिथे एक काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची तबकडी होती; तिचं प्रतिबिंब डोळ्याच्या काचेवर पाडून फोटो काढायचे. आधी त्यांनी एका निरोगी डोळ्याचा फोटो दाखवला, त्यात वर्तुळं तळ्यातल्या लाटांसारखी गोल होती. बाईंच्या फोटोत ती एका बाजूला ओढल्यासारखी, तिरका कापलेल्या कांद्यासारखी दिसत होती. उपाय होता कडक लेन्सचा. चष्म्याची नव्हे, डोळ्यातच बसवायची, नखाएवढी. वाकड्या काचेवर सरळ काच. एका फेरीत ती बसत नाही. चार फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी दोन्ही लेन्स घालून बाई बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या, पाणी गळणाऱ्या डोळ्यांनी आबांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आबा, तुम्हाला एवढ्या सुरकुत्या आहेत हे मला कुणी सांगितलंच नाही."

"आसं व्हय," आबा म्हणाले. "तरीच रोज च्या प्यायला येत हुतीस. आता दिसलं म्हनून बंद करू नको."

ते वर्ष बरं गेलं. पण तिसगावच्या धुळीत लेन्स म्हणजे डोळ्यात खडा. दुपारनंतर बाई त्या काढून ठेवायच्या. डाव्या डोळ्यात तर ती बसेनाशीच झाली. आणि शहाण्णवच्या पावसाळ्यात एका सकाळी शिकवता शिकवता त्यांचा डावा डोळा एकदम दुखायला लागला. घरी आल्या तेव्हा त्यातल्या बुबुळावर पांढरं आलेलं होतं, दुधाचा थेंब पडल्यासारखं. आम्ही पुन्हा पुणे गाठलं. पातळ झालेली काच आतून फाटली होती आणि डोळ्यातलं पाणी तिच्यात शिरलं होतं. दुखणं थांबेल, सूज उतरेल, पण डाग राहील, असं तज्ज्ञ म्हणाले. तसंच झालं. त्या डोळ्याला आता एकच उपाय होता. मेलेल्या माणसाच्या डोळ्याची काच काढून तिथे शिवायची. नाव यादीत लागेल, डोळे मिळतील तसे क्रमाने देतात, केव्हा ते सांगता येत नाही.

आबा दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "म्हाताऱ्याचा डोळा चालंल का? मोतीबिंदू झालाय."

डॉक्टर म्हणाले की मोतीबिंदू आतल्या भिंगाला होतो, काचेला नाही, चालेल. मात्र मेल्यावर सहा तासांच्या आत काढायला हवा, आणि तो बाईंनाच मिळेल असं नाही, यादीत ज्याचा क्रमांक असेल त्याला. आबा म्हणाले, कुनालाबी द्या, मला काय त्याचं. तिथेच त्यांनी फॉर्म भरला. स्वतःचं नाव स्वतः लिहिलं, त्याला पाच मिनिटं लागली. वारसाची सही माझी. दुसरा साक्षीदार कोण, असं विचारलं तेव्हा आबा म्हणाले, ही हाय की. बाईंनी उजव्या डोळ्याने कागद जवळ धरून सही केली.

पुढचे सहा महिने त्या दोघांना हा एक खेळच झाला. आबा म्हणायचे, माझा डोळा तुला बसला तर ध्यानात ठेव, त्याला भाकर-ठेचा बघायची सवय हाय, तुमच्या केकाकडं वळायचा न्हाई. बाई विचारायच्या, त्या डोळ्याने मला बायबल वाचता येईल ना? "यील की. पर मधीच पेपर मागंल." मलाही चेव चढला. ऑक्टोबरमधल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, शाळेत, वस्तीवर, जिथे संधी मिळेल तिथे मी नेत्रदानावर बोलायला लागलो. अंधश्रद्धा, मागचा जन्म, पुढचा जन्म, सगळं झोडून काढायचो. आबांना पुढे बसवायचो आणि शेवटी त्यांच्याकडे हात करायचो. मी चांगला बोलायचो. लोक फॉर्म भरायचे.

याच दिवसांत एकदा शिक्षकांच्या खोलीत आमचे खेळाचे सर मला म्हणाले, "सर, आबांचे डोळे बाईंना बसले की बाई तुमच्याकडं बघून 'बाळा' म्हणणार का?" सगळे हसले. बाई तेव्हा तासाला होत्या. मीही हसलो. दुसरा एकजण म्हणाला, बाळा नाहीतर आणखी काही. त्यावर आणखी हसू. मी त्याही वेळी हसलो, पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. नगर, भिंगार, पुण्याच्या फेऱ्या गावाने मोजलेल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये आबा गेले. आठ-दहा दिवस छातीचं दुखणं होतं, मी रजा घेतली होती. सकाळचे दहा वाजले असतील. आई उशाशी, मी पायांशी. श्वास थांबल्यावर काय करायचं ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. माझ्याच भाषणांतून झालेलं. पत्नीने पंखा बंद केला, आबांच्या डोक्याखाली दोन उशा सारल्या, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवला. मग ती माझ्याकडे बघत उभी राहिली. नगरच्या नेत्रपेढीचा नंबर असलेलं कार्ड आबांच्या सदऱ्याच्या खिशात होतं, ते मी काढलं.

आईने फक्त एक प्रश्न विचारला. कापसाच्या कडेने तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, "त्यास्नी दुखंल का रं?"

एवढंच. ती नको म्हणाली नाही. माझ्या भाषणांत या प्रश्नाचं उत्तर होतं, ते मी शेकडो अनोळखी माणसांना दिलं होतं. आईला मी काहीच उत्तर दिलं नाही. सायकल काढली आणि स्टँडवरच्या एसटीडी बूथवर गेलो.

लाईन चालू होती. मी पहिला फोन पुण्याला धाकट्या भावाला केला, तो लगेच लागला. दुसरा पाथर्डीला बहिणीच्या शेजाऱ्यांकडे. तिसरा आणि चौथा नातेवाइकांना. प्रत्येकाला सांगितलं की पाचला नेऊ. कार्ड माझ्या डाव्या हातात होतं. चौथा फोन ठेवल्यावर मी कार्डावरचे पहिले तीन आकडे फिरवले. आणि मला संध्याकाळची माणसं दिसायला लागली. तिरडीभोवती उभी राहून एकमेकांच्या कानाला लागलेली. बाईसाठी बापाचे डोळे काढले. माणूस अजून गार झाला नव्हता. मी रिसीव्हर ठेवला. यात भीती नव्हती, श्रद्धा नव्हती, आई नव्हती. फक्त ते हसू होतं. ज्या हसण्यात मीही सामील झालो होतो.

घरी येऊन मी पत्नीला म्हणालो, नगरची लाईन लागत नाही. त्या काळी यावर कुणीही विश्वास ठेवायचं. कापूस सुकत चालला होता, तिने तो पुन्हा ओला केला.

सकाळची शाळा सुटल्यावर बाई आल्या. दारातूनच त्यांनी विचारलं, "सर, कळवलं ना?"

"लाईन बंद आहे, बाई. तीनदा बघितलं."

त्या म्हणाल्या, मी जीपने पाथर्डीला जाते, तिथून करते, अजून चार तास आहेत. मी म्हणालो, राहू द्या, आता ते यायचे केव्हा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाल्या, माझ्यापायी या वेळीही तुमची धावपळ झाली, मला वाईट वाटतं. मग आत जाऊन आईजवळ बसल्या. दुपारी केव्हातरी उठून बाहेर गेल्या आणि अर्ध्या तासाने परत आल्या. शेवटपर्यंत होत्या. त्रिसरण झालं तेव्हा हात जोडून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बूथवाला भेटला. सहज म्हणाला, "काल बाई आल्या होत्या, नगरला आईला फोन केला. विचारत होत्या लाईन कधी सुरू झाली म्हणून. म्हटलं, बंद कधी होती? सरांनीच तर सकाळी चार फोन केले."

त्यानंतर बाई चहाला आल्या नाहीत. दहा-बारा दिवसांनी मधल्या सुट्टीत मी त्यांना रिकाम्या वर्गात गाठलं. समजावून सांगायला गेलो होतो, निदान तसं ठरवून गेलो होतो. त्यांनीच सुरुवात केली. "सर, दोन वाजता मी बूथवर उभी होते. पेढीचा नंबर मला पाठ होता. दोन तास शिल्लक होते. पण वडील तुमचे होते, मी कशी करणार?"

तेव्हा मी दुसरं खोटं बोललो. आवाज खाली आणून म्हणालो, "आईनं नको म्हटलं, बाई. जुनं माणूस. तुमच्यासमोर तिचं नाव घेणं बरं वाटेना."

बाईंचा चेहरा एकदम निवळला. इतका, की मला ते बघवेना. म्हणाल्या, "मग तसं सांगायचं होतंत. मी त्यांच्याजवळ बसले असते. मला डोळा मिळणारच नव्हता, सर, माझा नंबर खूप मागे आहे. पण आबांनी मला साक्षीदार केलं होतं. मला वाटलं तुम्ही आम्हा दोघांना फसवलंत."

त्याच संध्याकाळी त्या घरी आल्या. आईसाठी चार केळी घेऊन. मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होतो. आत त्या आईला सांगत होत्या की मनात काही ठेवू नका, मला तुमचा राग नाही. आईचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "कशाचा राग, बाय? मी कुटं न्हाई म्हनले? मी तर नुसतं इचारलं, दुखंल का."

मग बाई बाहेर आल्या. माझ्या टेबलाशी थांबल्या. मी मान वर केली नाही, हातातल्या लाल पेनाने एका बरोबर उत्तराखाली रेघ ओढली. त्या म्हणाल्या, "आईंना काहीच माहीत नाही, सर." आणि चपला घालून गेल्या.

यानंतर मी जे केलं ते फोनपेक्षाही वाईट आहे असं मला आता वाटतं. बाई येईनाशा झाल्या हे शाळेत सगळ्यांच्या लक्षात आलं. खेळाचे सर म्हणाले, म्हातारा गेला, आता कशाला येतील? डोळ्यांपुरतंच प्रेम. मी गप्प राहिलो. पुढच्या वेळी गप्पही राहिलो नाही, "असतं एकेकाचं" असं म्हणालो. नेत्रदान का झालं नाही असं विचारणाऱ्या परक्यांना लाईनीचं सांगायचो, जवळच्यांना आईचं. जूनमध्ये बाईंनी संस्थेच्या नगरच्या शाळेत बदली मागून घेतली. निरोपसमारंभात मीच भाषण केलं. चांगलं झालं, असं सगळे म्हणाले.

दीडेक वर्षाने शिपायाकडून कळलं की त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्याला झालं, कुणा अनोळखी माणसाची काच बसवली आणि टाके वर्षभराने काढणार आहेत.

आईने मला कधी जाब विचारला नाही. बायका तिला म्हणायच्या, तुम्ही नको म्हणायला नको होतं, तेव्हा ती पदराने तोंड पुसायची आणि विषय बदलायची. माझं खोटं तिने स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं आणि सहा वर्षं वागवलं. शेवटच्या आजारात एकदाच म्हणाली, "माजे दे. आन या बारीला कुनाकडं बघत बसू नको." तिच्या वेळी मी फोन केला. पेढीची माणसं आली, वीस मिनिटांत काम झालं, चेहऱ्यावर काही कळलंसुद्धा नाही. गावात बोललं गेलं की सरांनी आईच्या मनाविरुद्ध तिचे डोळे दिले, केवढं धैर्य. त्याबद्दल वस्तीवर माझा सत्कार झाला. शाल मी घेतली.

मी निवृत्त झाल्यानंतरची एक दुपार. नगरच्या बसस्टँडसमोर केडगावच्या बसची माणसं उभी होती. मी रस्त्याच्या पलीकडे होतो. तिकडून हाक आली, "सर." एवढ्या लांबून, एवढ्या गर्दीत बाईंनी मला ओळखलं होतं. केस पिकले होते, चष्मा साधा, बारीक काचेचा होता. मी रस्ता ओलांडून गेलो. त्यांनी घरची चौकशी केली. आई गेली म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, कळलं होतं मला, यायला हवं होतं. केडगावची बस आली आणि गेली, त्या चढल्या नाहीत. मला वेळ देत होत्या, हे मला समजत होतं.

मला म्हणायचं होतं: बाई, आबांना आणि तुम्हाला मी फसवलं. आईने अडवलं नव्हतं, लाईनीने अडवलं नव्हतं. चार माणसं हसतील म्हणून मी रिसीव्हर ठेवला, आणि तुम्ही मला सावरून घ्यायला आलात तेव्हा तिचं नाव पुढे केलं. मागून तुमच्याबद्दल वाईट बोललं गेलं, त्यात मी होतो. माझं चुकलं. मला क्षमा करा म्हणत नाही, पण माझं चुकलं हे माझ्या तोंडून ऐका. एवढंच होतं. अर्ध्या मिनिटाचं.

दुसरी बस वळणावर दिसली. मी म्हणालो, "बसायला जागा मिळेल ना तुम्हाला?"

बाईंनी बसकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मिळेल, सर," त्या म्हणाल्या. "रिकामी दिसतेय."